दुसऱ्या पंपाचा आवाज

मिस्त्री उजव्या हाताचं एक बोट वर करायचे आणि आम्ही सगळे गप्प बसायचो. हातात चहा असला तरी फुरका मारायची सोय नव्हती. गाडीची किल्ली अर्धी फिरवली की मागच्या टाकीतला पेट्रोलचा पंप दोन क्षण गुणगुणतो आणि थांबतो. तेवढं ऐकून झालं की बोट खाली यायचं आणि मिस्त्री म्हणायचे, "हां, आता बोला."

चंद्रपुरात मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं गॅरेज होतं आणि त्याला लागून माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. तुम्हीही असे कारागीर पाहिले असतील, जे ज्या वस्तूवर पोट भरतात तिलाच सगळ्यात जास्त घाबरतात. टाकी उघडायच्या आधी मिस्त्री सगळ्यांचे मोबाइल बाहेरच्या बाकावर ठेवायला लावायचे. मग खाली वाकून दोन्ही तळवे जमिनीला टेकवायचे. अंगातली वीज त्यानं जमिनीत जाते म्हणे. एखादं नवं गिऱ्हाईक विचारायचं, "मिस्त्री, पूजा करता काय टाकीची?"

"पूजा नाई गा. भेव हाय मले. अन् भेव असलंच पायजे."

तरुणपणी त्यांनी एक जीप जळताना पाहिली होती. त्यापुढचं ते सांगत नसत. आम्ही मागे त्यांची नक्कल करायचो. मी तर फार हुबेहूब करायचो.

मग वडशाचे एक राइस मिलवाले शेठ आपली लाल गाडी घेऊन आले. दोन दारांची, जमिनीला घासत चालणारी. तिला त्यांनी बाहेरून सुपरचार्जर बसवून आणला होता. हे यंत्र इंजिनात हवा कोंबतं, म्हणजे गाडी सुसाट पळते. पण ऐन वेगात गाडी गचके देत होती.

मिस्त्रींनी शेठजींना समजावलं, "हवा ढोसून राह्यली, पेट्रोल कुठून येईन? एका बाईचा सैपाक अन् पंगत बसली शंभराची. दुसरा पंप टाका लागते."

तर टाकीत दोन पंप बसले. एक नेहमी चालणारा, दुसरा फक्त हवेचा दाब चढला की सुरू होणारा. टाकीचं काम मिस्त्रींचं, वायरचं माझं. त्यांनी मला एकच गोष्ट चारदा सांगितली, "गाडी मेली तं पंप मेला पायजे, बाबू. दोन्ही." ठोकर लागून इंजिन बंद पडलं आणि पंप चालूच राहिला, तर फाटलेल्या नळीतून तो गरम लोखंडावर पेट्रोल ओतत राहतो. मी मान डोलावली. तसं वायरिंग मी चोख केलंही होतं.

पण उभ्या गाडीत दाब चढत नाही. म्हणून दुसरा पंप तपासायला मी इंजिन चालू असतानाच डिक्कीतल्या बॅटरीवरून एक सुटा वायर चिमट्यानं थेट पंपाला जोडला. पेट्रोलच्या दाबाचा काटा छान वर चढला. तेवढ्यात शेठजी येऊन स्टिअरिंगवर बसले. त्यांना ट्रायल घेऊन लगेच परतायचं होतं.

"एक डाव किल्ली बंद करा, शेठजी. आयकू द्या मले," मिस्त्री म्हणाले.

"चालू आहे ना छान. चला, बसा."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "सुटा वायर काढला काय रे?"

"काढला," मी म्हणालो. खोटं बोलायचं म्हणून नाही बोललो. आपण जसं जेवलास का विचारल्यावर हो म्हणतो, तसं तोंडातून गेलं. ते माझ्या शब्दावर गाडीत बसले.

मूलच्या रस्त्याला जंगल लागलं तसा शेठजींनी पाय दाबला. मी मागच्या चिंचोळ्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो. एकही गचका नाही. शेठजी हसत होते. आणि वळणावर रानडुकरांचा कळप पिलांसकट रस्ता ओलांडत होता.

ब्रेक, मग माती, मग सागाचं झाड. इंजिन बंद झालं.

त्यानंतर जी शांतता झाली तिच्यात माझ्या पाठीमागे काहीतरी गुणगुणत होतं.

पुढच्या सीटवर मिस्त्रींचं बोट वर गेलं. कपाळातून रक्त येत होतं. "किल्ली बंद हाय ना?" शेठजींनी किल्ली काढून हातात धरलेली दाखवली. गुणगुण चालूच. बॉनेटखालून चर्र आवाज आला आणि पेट्रोलचा वास आत भरला. मिस्त्रींनी मागे वळून एकदाच माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं.

शेठजी दार उघडून रस्त्यानं पळत सुटले. मला दार नव्हतं. पुढची सीट वाकवल्याशिवाय मी बाहेर पडू शकत नव्हतो, आणि मी भीतीनं इतका गार पडलो होतो की हात उचलेना. मिस्त्री पळू शकले असते. ते उतरले, सीट वाकवली, माझी कॉलर धरून मला ओढून बाहेर काढलं आणि म्हणाले, "जा. दूर जा."

मी दहा पावलांवर जाऊन पडलो. तिथून मला ते दिसत होते. शेठजींनी फेकलेली किल्ली त्यांनी उचलली, डिक्कीपाशी गेले, खाली वाकले आणि दोन्ही तळवे मातीला टेकवले. तशा वेळीसुद्धा. मग डिक्की उघडून चिमटा सोडवला. त्यांचे हात इतके थरथरत होते की ठिणगी पडणारच असं मला वाटलं, आणि मी डोळे मिटून घेतले.

आवाज थांबला. काही झालं नाही.

शेठजी परत आले तेव्हा वायर मिस्त्रींच्या मुठीत होता. "हा कोणी ठेवला?"

"माह्या हातून राह्यला," मिस्त्री म्हणाले.

मी तिथेच उभा होतो. मिस्त्री आता म्हातारे झाले, असं शेठजींनी वडशापर्यंत सगळ्यांना सांगितलं. गिऱ्हाईक कमी झालं. पण खरं कारण ते नव्हतं. हातांची ती थरथर नंतर गेलीच नाही. टाकीचं काम आलं की मिस्त्री "आज नको" म्हणायचे आणि बाकावर जाऊन बसायचे. भीती असावी म्हणणाऱ्या माणसाला मी ती गरजेपेक्षा जास्त दिली होती.

अखेर ते गॅरेज बंद करून चामोर्शीकडच्या आपल्या गावी निघाले. मी स्टँडवर सोडायला गेलो. ते खिडकीशी बसले. मी खाली उभा राहून सगळा धीर गोळा केला.

"मिस्त्री, त्या दिवशी तो वायर मी..."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मिस्त्रींचं बोट वर गेलं. ते मान तिरपी करून एसटीच्या इंजिनाचा आवाज ऐकत होते. मी सवयीनं गप्प बसलो. बस स्टँडबाहेर वळली तेव्हाही खिडकीत ते बोट वरच होतं, आणि मी ते खाली येण्याची वाट पाहत उभा होतो.