बसून खाल्लेली गाडी

लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली असतील आणि पावसानं पाठ फिरवून दोन. जिल्हा नवा, त्यामुळं कचेऱ्या नव्या, साहेब नवे, वकील नवे; हेलपाटे घालणारी माणसं मात्र जुनीच. एसटीतून उतरलेला माणूस चौकात उभा राहून विचारायचा, इथं भाड्यानं गाडी मिळते का. मिळायची नाही. ते बघून माझा जीव नुसता वरखाली व्हायचा, कारण माझ्या खिशात लायसन होतं. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी मी पाण्याचा टँकर चालवला होता. पुढं ठेकेदार बदलला, टँकर गेला आणि लायसन तेवढं मागं राहिलं.

आमचं गाव मुरुडजवळ. घरात आबा म्हणजे माझे वडील, माय आणि मी. आबांनी जन्मात मन लावून खरेदी केली ती फक्त बैलांची. त्या उन्हाळ्यात कडबा दिसेनासा झाला तेव्हा त्यांनी वासरापासून वाढवलेली जोडी विकली. कालव्याच्या गावचा शेतकरी शोधून, त्याच्या विहिरीत पाणी आहे की नाही ते स्वतः वाकून बघून विकली. आमच्याकडं जनावर विकलं तरी त्याच्या गळ्यातलं दावं देत नाहीत. घेणारा आपलं दावं घेऊन येतो आणि जुनं दावं विकणाऱ्याच्या गोठ्यात राहतं. रिकामं दावं घरात असलं की दारात पुन्हा जनावर येतं, असं म्हणतात. तशी दोन दावी आमच्या गोठ्यात खुंटीला लटकत राहिली आणि बैलांचे पैसे मायच्या ट्रंकेत गेले.

त्या पैशांत जुनी मोटार घेऊ, असं मी म्हटलं तेव्हा आबा उठून गोठ्याकडं गेले. मी मात्र मागं-पुढं पाहिलंच नाही. चालवायची कशी, कुठं उभी करायची, सीटला खोळ कुठल्या रंगाची, सगळं मायला ऐकवून झालं. बाजारात तुरी, तसला प्रकार. मधेच कधीतरी माझ्याही ध्यानात यायचं की पैसे एकदाच आहेत. गाडी चुकली तर बैलही गेले आणि गाडीही गेली. मग आबांनी खडी फोडायला जायचं आणि मी भिवंडीला जाऊन कुणाच्या तरी ट्रकवर क्लीनर व्हायचं. असं ध्यानात आलं की मी पटकन सीटच्या खोळीकडं वळायचो.

एका सकाळी आबांनी धोतर नेसलं, उपरणं खांद्यावर टाकलं, कापडी पिशवी काखेत मारली आणि म्हणाले, नांदेडला जुन्या गाड्या मिळतात म्हणं, बघून येऊ. घ्यायचंच असं काही नाही, हेही सांगितलं. ते वाक्य त्यांनी अहमदपूरला एकदा आणि लोह्याला एकदा पुन्हा म्हटलं. पिशवीत मायनं दिलेल्या भाकरी होत्या. एसटीत एवढी गर्दी, तरी त्यांनी ती पिशवी मांडीवरून हलू दिली नाही.

नांदेडात उतरल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"तिथं तू तोंड उघडायचं न्हाई," आबा म्हणाले. "तुजं तोंड बघूनच त्यो भाव चढवंल."

मला राग आला. टँकर मी चालवला होता, इंजिनाचा आवाज मला कळत होता. आबांना मोटारीतलं फक्त बसायचं ठाऊक होतं. पण पैसे त्यांचे होते, म्हणून मी मान हलवली.

दलालाचं आवार गोदावरीच्या पुलाजवळ होतं. कडुलिंबाखाली पाच-सहा गाड्या उभ्या. त्यातली एक पांढरी अँबॅसिडर मी फाटकातूनच पाहिली आणि संपलंच. जुनी होती, एका बाजूनं रंग वेगळा होता, डिक्की तारेनं बांधलेली होती, तरी मला ती नवरीसारखी दिसायला लागली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तो मीच. आबांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी लगेच जमिनीकडं बघायला लागलो.

दलाल माणूस मोठा गोड. आबांना मामा म्हणायचा, चहा मागवायचा, गाडीवर फडकं मारायचा. त्यानं किल्ली फिरवली आणि गाडी एका दमात सुरू झाली. आबांनी पुढं होऊन बॉनेटवर तळहात ठेवला, जसा ते बैलाच्या पाठीवर ठेवायचे.

"ही आदीच गरम हाय," ते म्हणाले. "बंद करा. थंड झाली की बगू."

आणि ते कडुलिंबाखाली बसून भाकरी सोडायला लागले. बाजारात बैल दाखवायच्या आधी व्यापारी त्याला मीठ चारून पाणी पाजतो, मग पोट भरलेलं दिसतं; तेव्हा ते पाणी उतरेपर्यंत थांबायचं, ही त्यांची रीत. माझी भाकरी हातातच राहिली. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं तर, या धास्तीनं मी फाटकाकडं बघत होतो. आबा सावकाश मिरची मोडत होते.

थंड झालेल्या गाडीनं आपला गुण दाखवला. किल्लीनं खोकली, पुन्हा खोकली, शेवटी मी हँडल मारलं तेव्हा धूर सोडून सुरू झाली. दलाल ओशाळला, पण मला मनातून बरं वाटलं, कारण धूर काळा होता, निळा नव्हता. म्हणजे इंजिन तेल पीत नव्हतं. हे मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. मी ओठ चावले.

मग आबांनी ओझं मागितलं. बैल घेताना बैलगाडीचं चाक बांधून चढ ओढायला लावतात; इथं त्यांनी टपरीवरची सहा-सात रिकामटेकडी माणसं बोलावली आणि मोटारीत कोंबली. नदीकडं उतरायचं, मग वर यायचं. चालवायला मी. पहिल्यांदा त्या स्टिअरिंगवर हात ठेवला आणि मला हसूच आवरेना. मागं तिघांच्या मांड्यांवर दोघं, पुढं आबा खिडकीला चिकटलेले, नदीत पाण्यापेक्षा वाळू जास्त, आणि मी गिअर टाकतोय. उतरताना ब्रेक डावीकडं ओढत होता. चढाला पहिल्या गिअरमध्ये तिनं थोडा श्वास घेतला, पण थांबली नाही. सगळ्या वऱ्हाडासकट वर आली. टपरीवरच्यांनी टाळ्या वाजवल्या. इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नाही, हे आता लिहायला हरकत नाही.

आवारात परत आल्यावर दलालानं आपला हुकमी पत्ता काढला. मीटर दाखवला. मामा, आकडा बघा, म्हणाला. डॉक्टरची गाडी, घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. चाललेलीच नाही म्हणा ना. आणि त्या न चाललेल्या गाडीचा त्यानं असा भाव सांगितला की मी मनातल्या मनात ट्रंकेतले पैसे पुन्हा मोजले.

मीटर मागं फिरवलेला आहे हे मला बसल्याबरोबर कळलं होतं. क्लचच्या पायडलचं रबर झिजून लोखंड उघडं पडलेलं, ड्रायव्हरची सीट खोल बसलेली. घर ते दवाखाना करून असं होत नाही. पण मला बोलायची बंदी होती.

आबांनी विचारलं, गाडी किती वर्षांची. दलाल म्हणाला, दहा. आबांनी मीटर मला वाचायला लावला. मी वाचला. तो आकडा त्यांनी मनाशी घोळवला, आणि त्यांचा चेहरा पडला. खरंच पडला, तोंडावरची सगळी हौस उतरली. त्यांनी उपरणं झटकलं आणि पिशवी काखेत मारली.

"चल रं," ते मला म्हणाले. "ही आपल्या कामाची न्हाई."

माझ्या डोळ्यांपुढं भिवंडी आली.

दलाल आडवा आला. कमी चाललेली गाडी, मामा, अशी शोधून सापडणार नाही, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. आबांना ते पटेचना. दहा वर्षं दावणीला बांधून खाल्लेला बैल कोण औताला जुंपील, असा त्यांचा सवाल होता. ज्या अर्थी धन्यानं त्याला जुंपला नाही, त्या अर्थी तो एक तर आजारी आहे नाही तर खोडील. चाललेलं जनावर खरं; त्याचं काय दुखतं ते चालताना कळतं. बसून खाल्लेल्याचं काय सांगावं? घ्यायचीच म्हटलं तर अर्ध्या भावात, तेही उपकार म्हणून, असं सांगून ते फाटकाकडं चालायला लागले. मीही मागून निघालो. मागं वळून पाहिलं असतं तर रडलो असतो.

फाटकापाशी दलालानं आबांचा हात धरला.

"मामा, काय बोलून राहिले तुमी," तो म्हणाला. "लई पळालीय ही. हैदराबादच्या लाइनीवर टॅक्सी होती. मीटर एकदा सगळा फिरून पुन्हा शून्यावर आलाय."

"मग ह्यो आकडा?"

दलालानं चपलेनं माती उकरली. "मागं घेतलाय. समदेच घेतात."

आबांचा चेहरा उजळला. खोटं पकडल्याचा तो आनंद नव्हता. चांगली बातमी ऐकल्याचा होता. ते परत कडुलिंबाखाली येऊन बसले आणि सोयरीक जुळवायला आल्यासारखी चौकशी करायला लागले. कुठं-कुठं गेली, किती जणांच्या हाताखाली होती, कुठं अडली. एकाच ड्रायव्हरनं चालवली, हे ऐकून त्यांनी मान डोलावली. एका हाताचा बैल, म्हणाले. दलालही मोकळा झाला. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, तेव्हा ब्रेकची, हँडलची आणि डिक्कीची तक्रार त्यानं आपणहून सांगितली. एवढी पळालेली गाडी एवढ्याला का, याचं त्याला कारण द्यायला लागलं, आणि प्रत्येक कारणानं भाव थोडा उतरला.

शेवटी आबांनी उपरणं पसरलं. दलाल हसला. त्याचे वडील म्हणे माळेगावच्या जत्रेत घोड्यांचे सौदे करायचे. त्याला सगळं ठाऊक होतं. दोघांचे हात उपरण्याखाली गेले. भाव बोटांनीच सांगायचा: दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. तोंडानं एक अक्षर नाही. दलाल आभाळाकडं बघत होता, आबा कडुलिंबाच्या पाल्याकडं, आणि मी त्या हलणाऱ्या कापडाकडं. माझ्या साऱ्या आयुष्याचं त्या कापडाखाली चाललेलं आणि मला काही दिसत नव्हतं. मग उपरणं स्थिर झालं. दलालानं हात बाहेर काढला आणि कपाळाला लावला. सौदा झाला.

किती रुपयांत झाला ते मला पैसे मोजून द्यायच्या वेळी कळलं. ते देऊनही ब्रेक दुरुस्त करून दोन टायर येतील इतके उरत होते. अगदी बरोबर किंमत होती. मी सांगितली असती तर याहून जास्तच सांगितली असती.

"आबा," मी हळूच विचारलं, "मीटर मागं घेतलाय हे तुमाला कसं कळलं?"

"मला कुटं कळलं?" ते म्हणाले. "मला वाटलं, खरंच बसून खाल्लीय."

मी हसायला लागलो तो थांबेचना. दलाल पण हसत होता, जरा उशिरानं.

निघताना डिक्कीची तार तुटली आणि झाकण आ वासून उभं राहिलं. दलाल दुसरी तार शोधायला आत गेला. आबांनी काखेतली पिशवी गाडीच्या टपावर ठेवली, भाकरीचं फडकं बाजूला केलं आणि तळातून काहीतरी ओढून काढलं. दावं. आमच्या पांढऱ्या बैलाचं, मानेच्या घासानं गुळगुळीत झालेलं. त्यांनी ते बंपरखालून घेतलं, झाकणावरून आणलं, आणि गोठ्यात मारायचे तशी गाठ मारली.

मी बघत राहिलो. बाजार नुसता बघायला जाणारा माणूस एक वेळ पैसे बरोबर नेईल, दावं घेऊन जात नाही. अहमदपूरला आणि लोह्याला घ्यायचंच असं काही नाही म्हणत होते, तेव्हाही ते पिशवीत होतं. फाटकाबाहेर निघाले तेव्हाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

पूल ओलांडून गाडी लोह्याच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना काळी रानं उघडी पडलेली. आबा खिडकीतून तीच बघत होते. मग मीच विचारलं, दुसरं दावं कुठंय.

"खुंटीला हाय," ते म्हणाले. "पाऊस काय कायमचा गेला न्हाई. तू फुडं बगून चालव."