चिंचेवरचा नंबर

कबनूरच्या राजशेखरनं तीस वर्षं स्टुडिओत लग्नाचे फोटो काढले. रस्ता रुंद करायला झाडं तोडणार असं कळलं, तेव्हापासून तो माणसांचे त्यांच्या झाडाखाली फोटो काढू लागला.

म्हातारी बसव्वा तिच्या सासूनं लावलेल्या चिंचेला टेकून उभी राहिली.

"हसा की, अव्वा!"

"मयताला हसत्यात व्हय रं?"

खोडावर उंच, तांबड्या रंगात तोडीचा नंबर होता. बसव्वाला लांबचं दिसत नव्हतं, तिनं तो फक्त ऐकला होता. राजशेखर नवरीच्या गालावरचे डाग पुसायचा, त्याच सवयीनं त्यानं कॉम्प्युटरवर नंबर पुसला.

त्यानं आणून दिलेला फोटो नाकाजवळ धरून बसव्वानं खोड वरपासून खालपर्यंत बघितलं.

"नंबर कुठं हाय? न्हाईच की! उगंच भ्या घातलं मला सगळ्यांनी! सुटली माझी चिंच!"

ती शेजारणीला हाक मारायला उठली. राजशेखरनं तिचा हात धरला.

"अव्वा, झाडावर हाय नंबर. फोटोतला मी पुसला. चांगलं दिसावं म्हणून."

बसव्वा परत खाली बसली. मग तिनं फोटो त्याच्याकडं सरकवला.

"परत घाल त्यो नंबर. खोटी चिंच भिताडाला कशाला लावू?"