पडायला शिकवणारा कोच

लेम्युएल ग्रिग्ज पहिला आठवडाभर मुलांच्या हातात चेंडू द्यायचाच नाही. आधी पडायला शिकवायचा. चर्चच्या मागच्या खडबडीत मैदानावर सात-आठ वर्षांची पोरं, डोक्याहून मोठी हेल्मेटं घातलेली, आणि हा लंगडा म्हातारा ओरडतोय, "हनुवटी छातीला! खांद्यावर पड! हात टेकू नकोस, मनगट जाईल!" पोरं धपाधप पडायची. कुंपणापाशी उभे असलेले बाप वैतागायचे.

"कोच, पोराला जिंकायला पाठवलंय, लोळायला नाही."

"जिंकायला उद्या पण येता येतं," लेम्युएल म्हणायचा. "मान मोडली की उद्या नसतो."

तो स्वतः एके काळी आमच्या अमेरिकन फुटबॉलात क्वार्टरबॅक होता. म्हणजे टीममधला तो एक जण, ज्याच्या हातात दर वेळी चेंडू येतो आणि ज्याला आडवा करायला समोरचे रेडे धावून येतात. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गड्यांची फळी असते. त्यानं चेंडू फेकेपर्यंत तिनं लोंढा अडवायचा. फळी फुटली की सगळा मार त्याच्या अंगावर. अलाबामातल्या आम्हा काळ्यांच्या एका लहान कॉलेजात लेम्युएल चेंडू असा फेकायचा म्हणे, की झेलणाऱ्याला फक्त हात वर करायचं काम. मग एका मोठ्या टीमनं शिबिराला बोलावलं. पहिल्याच सकाळी तिथल्या गोऱ्या कोचनं त्याच्या हातातला चेंडू काढून घेतला. "तुझे पाय चांगले आहेत, ग्रिग्ज. डोक्याचं काम दुसऱ्यांना करू दे." आणि त्याला मागं पाठवलं, पळायला आणि लोकांना पाडायला. दुसऱ्या हिवाळ्यात गुडघा गेला. टीमनं घरी पाठवला. पुढची सगळी उमर त्यानं आमच्या या एरी तळ्याकाठच्या शहरात बस चालवली, दुखऱ्या पायानं ब्रेक दाबत.

हे त्यानं आपणहून कुणाला सांगितलं नाही. बसवाल्यांच्या संपात, पेटवलेल्या पिंपाभोवती हात शेकताना मी ते त्याच्याकडून उकरून काढलं. तेव्हापासून आमची ओळख. मी भाडेकरूंची संघटना चालवते, घरमालकांशी भांडते, आणि माणूस खरं बोलतोय की नाही हे मला त्याच्या उभं राहण्यावरून कळतं. लेम्युएल एका पायावर भार देऊन उभा राहायचा, पण सरळ.

त्याच्या हाताखालून शेकडो पोरं गेली. त्यातला एकच अस्सल निघाला, लोरेटाचा मालाकाय. लोरेटा इस्पितळात रात्रपाळी करायची, म्हणून पोरगा शाळेनंतर लेम्युएलच्या ओसरीवर वाढला. चेंडू धरणं, नजर वर ठेवणं, थांबणं, फेकणं, सगळं तो म्हाताऱ्याकडून शिकला. पडणं तेवढं शिकला नाही. त्याला लाज वाटायची. तिघं अंगावर आले तरी पठ्ठ्या खांब होऊन उभा. लेम्युएल कपाळ बडवायचा. "देवानं याला सगळं दिलं, फक्त भीती द्यायची विसरला."

त्या वर्षी मालाकाय कॉलेज संपवून बाहेर पडत होता, देशातल्या पहिल्या दोघा क्वार्टरबॅकांमधला एक म्हणून. आणि आमच्या शहराची व्यावसायिक टीम त्या वर्षी सगळ्यात जास्त हरली होती. जी सगळ्यात जास्त हरते तिला कॉलेजच्या पोरांतून पहिली निवड मिळते. हा मान आमच्याकडे इतक्यांदा आलाय की हायरम टेटच्या केस कापायच्या दुकानात एक भिंतच आहे, येऊन मोडून गेलेल्या क्वार्टरबॅकांच्या फोटोंची. हायरम तिला मयतांची भिंत म्हणतो.

शनिवारी मी तिथं सह्या गोळा करायला जायचे. टीमच्या मालकाला स्टेडियमवर नवीन छप्पर हवं होतं, आणि ते आमच्या करातून. आमच्या शाळांची छपरं गळतात त्याचं काय, असा माझा कागद होता. पण एप्रिलमध्ये, निवडीच्या महिन्यात, त्या दुकानात दुसरं काही बोलताच येत नाही.

"मालाकाय!" कॉर्नेल खुर्चीतून ओरडला. हा पार्सलं पोचवणारा, फाटक्या तोंडाचा. "यात चर्चा कसली? आपला पोरगा आहे. याच रस्त्यावरचा. घरी आणायचा!"

"टीव्हीवाले तर हॅनरहानचं नाव घेतायत," हायरम त्याच्या मानेवर वस्तरा फिरवत म्हणाला. हॅनरहान म्हणजे दुसरा, आयोवाचा गोरा पोरगा. "म्हणतात त्याचं डोकं चांगलं."

"हॅनरहानचं डोकं आणि मालाकायचे पाय!" मला राहवेना. "यांच्या आजोबांनी हेच म्हटलं, बापांनी हेच म्हटलं. आमच्या पोरांना मानेच्या वर काही असतं हे यांना दिसतच नाही का?"

"मिस व्हर्नेल, तुमची सभा बाहेर घ्या," हायरम म्हणाला. "माझ्या हातात वस्तरा आहे."

सगळे हसले. कॉर्नेल कोपऱ्यातल्या लेम्युएलकडे वळला. "कोच, तुम्ही सांगा. तुम्हीच घडवला त्याला."

लेम्युएल म्हणाला, "विस्कॉन्सिनचा तो जाड्या घ्या. फळीतला."

असा हशा उठला, की खुर्चीतल्या कॉर्नेलला हायरमनं वस्तरा उचलून वाचवला.

"पहिल्या निवडीत जाड्या? कोच, जाड्याच्या नावाची जर्सी कोण घेणार? त्याची आई?"

"मालाकायला नेऊ नका," लेम्युएल म्हणाला. "आपल्या फळीत दार अडवण्याइतकी ताकद नाही. त्या भिंतीवर बघा. यातला कोण हातानं वाईट होता? एकही नाही. सगळे पाठीवर मेले."

कॉर्नेलचं हसू मावळलं. "एक बोलू, कोच? राग मानू नका. तुम्हाला फेकू दिलं नाही, म्हणून आता त्याला पण घरी फेकू द्यायचं नाही, असं दिसतंय."

हायरमनं वस्तरा खाली ठेवला. लेम्युएल उठला, टोपी घातली आणि गेला.

ही बातमी लोरेटाच्या कानावर जायला किती वेळ लागणार? दुसऱ्याच दिवशी, चर्च सुटल्यावर, तिनं त्याला पायऱ्यांवर गाठलं.

"कोच, तुमच्या ओसरीवर माझा पोरगा वाढला. तुमच्या हातचं जेवला. आणि आता तो घरी येतोय तर तुम्हीच आडवे येताय?"

"लोरेटा, दुसऱ्या कुठल्याही गावी जाऊ दे. पैसा तिथंही मिळेल."

"त्याला पैसा नकोय, त्याला इथं यायचंय! लहानपणापासून हेच बोलतोय. टीमचा माणूस येणार आहे चौकशीला. तुम्ही त्याच्याविरुद्ध एक शब्द बोललात ना, तर मला तोंड दाखवू नका."

"त्याच्याविरुद्ध नाही बोलणार," लेम्युएल म्हणाला. "खरं बोलेन."

लग्नाआधी मुलीची चौकशी होते तशी ही चौकशी असते. टीम माणूस पाठवते. तो शाळेत जातो, चर्चमध्ये जातो, न्हाव्याकडे बसतो. पोरगा पितो का, मारामाऱ्या करतो का, आईला उलटून बोलतो का. आमच्याकडे फिंच नावाचा गृहस्थ आला. गोरा, नम्र, चकचकीत बुटांचा. लेम्युएल हायरमच्या दुकानात मयतीला घालायचा काळा कोट घालून आला होता. मी शेजारच्याच बाकावर होते, मुद्दाम.

बरंच गोड बोलून झाल्यावर फिंचनं विचारलं, "मिस्टर ग्रिग्ज, मुलात एखादा दोष?"

"एकच. तो पडत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे चौघं अंगावर आले तरी उभा राहतो. कुणीतरी मोकळा सापडेल म्हणून शेवटपर्यंत वाट बघतो, फेकतो, आणि मग मार खातो. शाळेत एकदा असा मार बसला, उठला तो समोरच्या टीमच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. कुठं आहे ते कळत नव्हतं त्याला. आणि पुढच्याच खेळीला त्यानं मैदानाच्या पार टोकाला चेंडू फेकला. मी बाहेर काढला तर महिनाभर माझ्याशी बोलला नाही."

फिंचचे डोळे चमकले. लेम्युएलला ते दिसलं की नाही, मला माहीत नाही. मला दिसलं.

"तुमची फळी कुजलीय," लेम्युएल पुढं झुकून म्हणाला. "त्या फळीमागं असा पोरगा उभा करू नका. आधी फळी घ्या. नाहीतर याला दुसऱ्या कुणाला तरी नेऊ द्या. मी हात जोडतो."

"तुमचा फार जीव आहे त्याच्यावर."

"म्हणून तर सांगतोय."

"कळलं मला, सर. अगदी कळलं." फिंचनं दोन्ही हातांत त्याचा हात घेऊन हलवला आणि गाडीकडे जवळजवळ पळतच गेला.

निवडीच्या संध्याकाळी दुकान तुडुंब. हायरमनं मागच्या अंगणात डुकराच्या बरगड्या भाजल्या होत्या, हाताला सॉस लागलेली माणसं टीव्हीपुढं श्वास रोखून. नाव पुकारलं, मालाकायचं. छप्पर उडायचं राहिलं. कॉर्नेल रडत होता. मग पडद्यावर टीमचा मुख्य आला. त्याला विचारलं, हॅनरहान का नाही?

तो म्हणाला, "आम्ही या मुलाच्या लहानपणच्या कोचशी बोललो. त्यांनी एकच वाक्य सांगितलं. हा पडत नाही. आमचा निर्णय तिथंच झाला."

आता दुकान लेम्युएलवर कोसळलं. कुणी टोपी उडवली, कुणी मुके घेतले, कॉर्नेलनं त्याला कमरेला धरून उचलला. "कोच, माझी जीभ झडो! तुम्ही आणलात त्याला!"

"मी असं म्हणालो नव्हतो," लेम्युएल म्हणत होता. "मी असं म्हणालो नव्हतो."

कोण ऐकतंय? लोरेटा गर्दीतून वाट काढत आली आणि त्याच्या गळ्यात पडली. "मला माफ करा, कोच. मी काय काय बोलले तुम्हाला." त्याचे हात खाली लोंबतच राहिले.

त्या धंद्याची भाषाच अशी आहे. माणूस मरेल असं सांगितलं तर त्यांना वाटतं, शूर आहे असं सांगतोय. आठवड्याभरात टीमनं टी-शर्ट काढले, छातीवर ठळक अक्षरांत: हा पडत नाही. आमचा सगळा रस्ता, कॉर्बेट स्ट्रीट, ते घालून फिरायला लागला. मालकाच्या छपराचा करही मंजूर झाला. माझ्या कागदावर सह्या करणाऱ्यांनीच त्याच्या बाजूनं मतं दिली.

उन्हाळ्यात मालाकाय ओसरीवर आला. "कोच, सगळं शहर तुमचे शब्द छातीवर घेऊन फिरतंय."

"चल मैदानावर," लेम्युएल म्हणाला.

त्यानं त्या सहा फुटी पोराला चर्चमागच्या गवतावर पडायला लावलं. हनुवटी छातीला. खांद्यावर. मालाकाय हसत हसत पडला, एकदाच.

"असं पडायचं. चेंडू बाहेर फेकून द्यायचा आणि आडवं व्हायचं."

"सत्तर हजार माणसं बघत असताना?"

"तेव्हाच, बाळा. तेव्हाच पडायचं असतं."

मालाकायनं कपड्यावरचं गवत झटकलं आणि म्हाताऱ्याच्या टकलाचा मुका घेतला.

फळी टीमनं बदलली नाहीच. सप्टेंबर त्यानं मार खात काढला, ऑक्टोबरही. तो दर वेळी उठायचा आणि स्टेडियम गर्जायचं, हा पडत नाही, हा पडत नाही. नोव्हेंबरातल्या एका रविवारी, घरच्याच मैदानावर, दोघांनी त्याला दोन बाजूंनी एकदम घेतला. आम्ही हायरमच्या दुकानात बघत होतो. मालाकाय उठला, चालायला लागला आणि समोरच्या टीमच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला.

लेम्युएल खुर्चीतून उठला. "बाहेर काढा त्याला." आधी हळू, मग टीव्हीवर मुठी आपटत. "बाहेर काढा! त्याला कळत नाहीये! बाहेर काढा!"

कडेच्या तंबूत नेऊन डॉक्टरांनी त्याला तपासल्यासारखं केलं. थोड्या वेळानं तो परत मैदानात आला. लोक उभे राहून ओरडत होते. पुढच्याच खेळीत फळी डावीकडून फुटली. मालाकायनं शेवटपर्यंत वाट बघितली, फेकला, आणि पाठीवर गेला. या वेळी उठला नाही. त्याचा एक हात कोपरापासून वर उभा राहिला होता, बोटं ताठ, जणू कुणाला थांब म्हणतोय. घोषणा निम्म्यात तुटली. लेम्युएलनं टीव्हीकडे पाठ केली आणि भिंतीला कपाळ टेकलं.

टी-शर्ट ख्रिसमसला अर्ध्या किमतीत निघाले.

पुढच्या एप्रिलमध्ये आमची टीम परत सगळ्यात जास्त हरलेली, पहिली निवड परत आमची. शनिवारी दुकानात कॉर्नेल टेक्ससच्या कुठल्याशा पोराची बाजू घेऊन ओरडत होता, तेवढ्यात दार उघडलं. लेम्युएलनं मालाकायला दंडाला धरून आत आणलं. दर शनिवारी तो त्याला फिरवायला न्यायचा. लोरेटाला तेवढीच झोप. पोराच्या डोळ्यांवर काळा चष्मा. उजेड त्याला सोसत नव्हता. हायरमनं कुणी न सांगता खुर्चीवरचा दिवा बंद केला.

मालाकाय बसला. मानेभोवती कापड बांधून झालं. मग तो आरशाकडे न बघता म्हणाला, "पहिली निवड आपलीच ना? कुणाला घेताय?"

हायरम कंगवा पुसत राहिला.

"तो विस्कॉन्सिनचा जाड्या घ्या," मालाकाय म्हणाला. "फळीतला. कोच म्हणतात तो चांगला आहे."

"तो गेल्या वर्षीच गेला, बाळा," लेम्युएल म्हणाला.

"कुठं?"

"दुसऱ्या टीमकडे."

मालाकायनं मान हलवली. हायरमनं मशीन सुरू केलं, कानामागून हळूच फिरवलं, बंद केलं.

"पहिली निवड आपलीच ना?" मालाकायनं विचारलं. "कुणाला घेताय?"

कॉर्नेल उठून बाहेर गेला. दार त्यानं आवाज न करता लावलं.

लेम्युएलनं खुर्ची पुढं ओढली, पोराच्या समोर बसला, आणि पहिल्यांदाच सांगतोय अशा आवाजात म्हणाला, "आपलीच आहे, बाळा. अजून ठरलं नाही. तू सांग, कुणाला घ्यायचं?"