राजदूतांच्या पंगतीतला

धाड गावातल्या माझ्या बियाण्यांच्या दुकानात माझा एक कापूसतज्ज्ञ दोस्त नेहमी यायचा. कापसाच्या परिषदांसाठी देशोदेशी फिरायचा, राजदूतांसोबत जेवायचा. "जिंदगी विमानातच चालली बे," असा उसासा टाकायचा, पण बॅगेवरची विमानतळाची चिठ्ठी काही काढायचा नाही.

एका साली बीटी कपाशीलाही बोंडअळी लागली. गावातल्या शेतकरी सुगराबींनी मला सोडून त्याच्यापुढे किडकं बोंड धरलं. "बेटा, याच्यावर काय फवारू?"

त्यानं मोबाइल काढला. "चाची, चेहरा जरा पाडा. पुढच्या महिन्यात राजदूतायले फोटो दाखवतो."

"त्यायले औषध माहीत हाये का?"

त्यानं मोबाइल खिशात घातला. त्या पाणी प्यायला वळल्या, तसा तो माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "काय फवारतेत बे?"