घोडीला विश्रांती किती

परवा फोनवर तू वैतागून म्हणालीस, "आजी, प्रयोगाच्या चार उंदरांसाठी किती जणांच्या परवानग्या!" तुझा भाऊ मागून हसत होता. असले नियम कसे तयार होतात ते मी एकदा आमच्या ओटीवर पाहिले आहे. ते तुम्हा दोघांसाठी लिहून ठेवते.

साठ सालानंतरची गोष्ट. प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये असा कायदा दिल्लीत झाला होता, पण त्याखालचे बरेच नियम व्हायचे होते. आम्ही तेव्हा किहीमजवळ राहत होतो. तुमचे आजोबा एका सरकारी संस्थेच्या तबेल्यावर जनावरांचे डॉक्टर होते. तिथले घोडे टांग्याचे नव्हते, शर्यतीचेही नव्हते. त्यांना सापाचे विष थोडे थोडे टोचत. ते सोसण्याची ताकद रक्तात आली की मानेच्या शिरेतून रक्त काढत आणि बर्फात ठेवून रेवसच्या लाँचने मुंबईला पाठवत. तिथे त्यापासून सर्पदंशावरचे औषध होई.

भातकापणीत आमच्याकडे फुरशी फार. भाऱ्याखाली हात घातला की कुणाला तरी चावायचेच. त्या दिवसांत मुंबईहून तार येई, आणखी रक्त पाठवा. एकदा रक्त काढले की घोड्याला महिनाभर विश्रांती द्यावी, असे आजोबांचे मत होते. पण तारेपुढे एका डॉक्टरच्या मताला कोण विचारतो? "मला अडवणारा एक कागद हवाय," ते म्हणत. "म्हणजे मी साहेबांना तो दाखवीन आणि गप्प बसेन."

म्हणून नियमांचा मसुदा करणारी समिती तबेला पाहायला येणार हे कळल्यावर ते खूश झाले. समितीत तिघे होते. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश, दुसरे जीवदयेचे काम करणारे मुंबईचे शेठ आणि तिसरे आजोबांच्या संस्थेचे मोठे साहेब. साहेबांचा आदल्या दिवशी निरोप आला, की पांढरी घोडी सकाळी किनाऱ्यावर फिरायला न्यावी. त्या मोसमात तिचे रक्त लागोपाठ काढले होते आणि तिच्या बरगड्या दिसत होत्या. आजोबांनी तिला मुद्दाम दारातल्याच ठाणात बांधले.

"अहो, साहेब चिडतील," मी म्हटले.

"चिडू देत. गुबगुबीत घोडे बघून नियम करायचा, तर मग मुंबईतच बसून करा म्हणावं."

समितीच्या कारकुनाला लाँच लागली. आल्या आल्या तो आमच्या ओटीवर आडवा झाला. मी बी.ए. असल्याचे आजोबांनी मोठ्या तोऱ्यात सांगितले आणि टिपणे घ्यायला लेखणी माझ्या हाती आली.

शेठ घोडीपाशी बराच वेळ उभे राहिले. सुयांनी तिच्या मानेवर गाठी आल्या होत्या, त्यांवरून त्यांनी हात फिरवला. परत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. कोकम सरबताला त्यांनी हात लावला नाही. "डॉक्टर, आ पाप छे. एकदम बंद करा."

"करू की बंद," साहेब म्हणाले. "मग फुरसं चावलेली माणसं तुमच्या पांजरपोळात आणून सोडतो, शेठ."

अध्यक्षांना हसू आले, ते त्यांनी रुमालात लपवले. आजोबा मात्र कावरेबावरे झाले. त्यांना बंदी नको होती, फक्त विश्रांतीचा नियम हवा होता.

आम्हाला भाजी घालणारी बाई तेवढ्यात आली. जवळच्याच गावची. तिचा नवरा आदल्या कापणीत फुरसे चावून गेला होता. दवाखान्यातले औषध संपलेले होते. पाटी उतरवून तिने मला विचारले, "काय बोलतान ते?" मी थोडक्यात सांगितले. ती सरळ अध्यक्षांसमोर जाऊन उभी राहिली.

"घोऱ्याला म्हयनाभर सुट्टी देतान, बरा हाय. पन फुरसा घेतंय का सुट्टी?"

"बेन, घोडीपण कोणाची तरी लेक आहे," शेठ हळूच म्हणाले.

"हाय ना. मंग तुमीच या आमचे भारे उचलाला."

अध्यक्ष म्हणाले, "बाई, बसा." ती बसली नाही.

मग नियम झाला. शेठ बंदीवरून दोन महिन्यांवर आले, साहेब तीन आठवडे म्हणत होते. लाँचची वेळ होत आली होती, म्हणून एका महिन्यावर जमले. त्यात शास्त्र किती आणि लाँच किती, ते मला आजही सांगता येणार नाही. आजोबांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तेवढ्यात अध्यक्षांनी त्या बाईकडे पाहिले आणि आणखी एक वाक्य सांगितले. औषधाची निकड असेल आणि जनावराला सोसेल असे तबेल्याच्या डॉक्टरने लिहून दिले, तर महिन्याच्या आतही रक्त काढता येईल.

"साहेब, ही सही दुसऱ्या कुणाची तरी ठेवा," आजोबा अध्यक्षांना म्हणाले.

"तुमच्याइतकं त्या घोडीला कोण ओळखतं, डॉक्टर?"

अध्यक्षांनी हे कौतुकाने म्हटले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी वाक्य उतरवून घेतले.

दिल्लीचे नियम यायला पुढे वर्षे लागली, पण संस्थेने हा मसुदा तबेल्याला लगेच लागू केला. पुढच्या कापणीत तार आली, निकड आहे, संमती पाठवा. आजोबांनी बाकीच्या घोड्यांसाठी सह्या केल्या. पांढऱ्या घोडीसाठी केली नाही. तिला सोसले नसते, याबद्दल त्यांना शंका नव्हती. तरी नंतर गावाकडून जो येईल त्याला ते विचारत, "तुमच्याकडे कुणाला चावलं नाही ना?"

आठवड्याने माणगावकडची बातमी आली. एक मुलगी गेली होती. औषध नव्हते की पोचायला उशीर झाला, हे सांगणाऱ्याला ठाऊक नव्हते. आजोबा एस.टी.ने माणगावला गेले, तिथून चालत त्या मुलीच्या घरी.

परतले तेव्हा त्यांच्या धोतराला चिखल होता. जनावरांचे डॉक्टर म्हटल्यावर त्या लोकांनी त्यांना गोठ्यातच नेले होते. बैलाचा खूर पिकला होता. यांनी तो धुतला, पू काढला, पट्टी बांधली. मुलीच्या आईने चहा दिला.

"औषध होतं की नव्हतं, विचारलंत का?"

"नाही."

"अहो, त्यासाठीच तर गेला होतात."

"होतं म्हणाले असते, तर मला बरं वाटलं असतं," ते म्हणाले. "त्यांच्या अंगणात बसून मला बरं वाटायला नको होतं."

त्याच आठवड्यात पांढऱ्या घोडीचा महिना पुरा झाला. आता ती नियमात बसत होती, कुणाची सही लागली नाही. त्या दिवशी मी डबा घेऊन तबेल्यावर गेले, तेव्हा तिच्या मानेला सुई लावलेली होती. भांडे भरेपर्यंत आजोबा तिच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. ती सवयीने जराही हलली नाही.