वास घ्या, पाव्हणं

दारू सुटल्याचा त्रास आख्ख्या जिल्ह्यात आमच्या साडूंइतका कुणी दुसऱ्यांना दिला नसेल. पीत होते तेव्हा ते एका जागी पडून असायचे, बिचारे कुणाच्या अध्यात ना मध्यात. तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून आपल्या गावी, ईटला, परत आले आणि गावाला पळता भुई थोडी झाली. कारण माणूस दिसला की साडू थेट त्याच्या नाकाशी जायचे, तोंडाचा आ करायचे आणि "हाऽऽ" करून म्हणायचे, "वास घ्या, पाव्हणं. घ्या की! न्हाय ना येत?" राम राम वगैरे त्यानंतर. तलाठ्याला त्यांनी असा वास दिला, एसटीच्या कंडक्टरला दिला, आणि एकदा तर आमच्या दारात कुरिअर घेऊन आलेल्या माणसाला दिला. तो सही न घेताच गेला.

संशयाला जागा म्हणून ठेवायची नाही, हा त्यांचा बाणा. जेवणानंतर बडीशेप नाही, विलायची नाही, पान तर नाहीच. कारण पिणारे वास मारायला हेच खातात. खोकल्याचं औषध आणलं तर बाटली उघडी घेऊन गावातून फिरतील, सगळ्यांना हुंगायला देतील आणि मग एक चमचा घेतील. मोटारसायकलवर तर त्यांच्यामागं बसूच नये. आमच्याकडचा रस्ता असा, की अट्टल निर्व्यसनी माणूससुद्धा खड्डे चुकवत झोकांड्या खात जातो. साडू मात्र नाकासमोर सरळ. वाटेत खड्डा आला तर खड्ड्यातून. "वाकडी गेली गाडी तर लोक काय म्हणतील?" एवढंच म्हणायचे. माझ्या मणक्यानं काय म्हणावं, हा प्रश्न त्यांना पडत नसे.

आता मी कोण, तेही सांगून टाकतो. वाशी या तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि फावल्या वेळात, म्हणजे दिवसभर, मी मोबाईलवर तालुक्याच्या बातम्यांचं चॅनल चालवतो. साडूंची ओळख करून द्यायची माझीही एक पद्धत होती. "हे आमचे साडू," म्हणायचो आणि लगेच जोडायचो, "आता सोडलीय त्यांनी." ते मान डोलवायचे आणि पुढं सरकून "हाऽऽ" करायचे. आमची जोडी अशी जमलेली होती.

साडू बेंडात क्लॅरोनेट वाजवतात. प्यायचे तेव्हा वाजवता वाजवता असे डोलायचे, की बघणाऱ्याला वाटावं, आता पडतील. कधी पडायचेही. सोडल्यावर त्यांनी डोलणंही सोडलं. वरातीत खांबासारखे ताठ उभे राहून वाजवायचे. सूर सगळे जागेवर, पण त्यातून काहीतरी निघून गेलेलं. वरातीतली पोरं तोंडावर म्हणायची, "मास्तर, आधी लई भारी वाजवायचा राव. आर्धी मारा आन् मग वाजवा!" साडू हसायचे. घरी आल्यावर मात्र क्लॅरोनेट पुसत बराच वेळ बसून राहायचे, असं मेहुणी सांगायची.

मग त्यांनी स्वतःच गाणं रचलं. "सुटली, सुटली, सुटली रे, बाटली माझी सुटली रे!" लोकांची नजर बदलायची म्हणून गावोगावच्या वरातीत ते वाजवायला लागले. चाल इतकी ठेक्याची, की आठ दिवसांत लोक डोक्यावर बाटली ठेवून त्यावर नाचायला लागले. "मास्तर, ते बाटलीचं होऊ द्या!" अशी फर्माईश यायची आणि फर्माईश करणाऱ्याला दोघांनी धरलेलं असायचं.

शेवटी ते माझ्याकडं आले. "पाव्हणं, तुमच्या च्यानलवर मला बोलू द्या. आमच्या पोरीचं, अश्विनीचं, लगीन तेरला जमतंय. तिकडच्या लोकान्ला कळू द्या, बाप सुधारलाय म्हणून. मला तिच्या लग्नात वाजवायचंय."

ते फार चांगलं बोलले. क्लॅरोनेटही वाजवलं. व्हिडिओ टाकला आणि दोन दिवस तो कुणी बघितलाच नाही. तिथं माझी बुद्धी चालली. व्हिडिओच्या तोंडावर लावायला जोरदार चित्र पाहिजे म्हणून मी त्यांचा जुना फोटो शोधून काढला. यात्रेतला. बेंडच्या गाड्यावर ढोलांच्या मधे आडवे, तोंड उघडं, छातीवर क्लॅरोनेट. वर लाल बाण काढला आणि लिहिलं, 'हा माणूस कोण? पुढे जे झालं ते बघून डोळ्यांत पाणी येईल!'

डोळ्यांत पाणी आलं, पण ते नंतर. फोटो व्हॉट्सॲपवर गावोगाव गेला आणि व्हिडिओ माझ्याकडंच राहिला. चौथ्या दिवशी नवऱ्या मुलाचे वडील दुकानात आले. मोबाईल पुढं केला.

"ह्ये तुमचे साडूच ना?"

"व्हय, पण आत व्हिडिओ हाय. तेवढा बघा."

"आतलं कोण बघतंय? आमच्या भावकीनं ह्येच बघितलंय. पोरगी सोन्यासारखी हाय, सोयरीक मोडत न्हाय आमी. पण कन्यादान चुलत्याच्या हातनं. ह्यांनी मांडवात यायचं न्हाय. बेंडात तर न्हायच."

हा निरोप मीच ईटला नेला. साडूंनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "किती जणांनी बघितलं ते?"

"लई जणांनी."

"मग चांगलंच की. एखादा तरी सुटला आसंल." मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

लग्नाच्या दिवशी कार्यालयाच्या फाटकाबाहेर लिंबाखाली ते उभे होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, काखेत क्लॅरोनेट. प्रायश्चित्त म्हणून मीही बाहेरच थांबलो. मधे एकदा आत जाऊन जेवून आलो, ते सोडा. मंगलाष्टकं सुरू झाली तशा त्यांनी खिशातून अक्षता काढल्या. घरून आणल्या होत्या. प्रत्येक 'सावधान'ला ते फाटकाच्या दिशेनं टाकत होते आणि त्या कुणाच्यातरी मोटारसायकलच्या सीटवर पडत होत्या.

पाठवणीची जीप फाटकात थांबली. अश्विनी खाली उतरली. ती लहान असताना मेहुणी तिलाच पुढं पाठवायची, बापाचा वास घ्यायला. पोरीनं 'येतोय' म्हणून मान हलवली की आमची मेहुणी ताटं न वाढता दोघींचं अंथरूण उचलून शेजारी जायची. अश्विनी पाया पडून उठली, तर साडू सवयीनं वाकले. "वास घे, पोरी. एकदा घे, म्हंजे तिकडं सांगता यील."

तिनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "राहू द्या आप्पा. मी कवाच सोडलंय ते. वाजवा तुमी."

त्यांनी तेच गाणं वाजवलं, पण इतक्या संथ लयीत, की त्यात बाटली उरलीच नाही. नुसतं सुटणं उरलं. आणि साडू डोलले. डोळे मिटून, लिंबाखाली, सोडल्यापासून पहिल्यांदा. जीप लांब गेली तरी डोलत होते. मागच्या गाडीतून कुणीतरी ओरडलं, "चढली की मास्तरला!" आणि बरेच जण हसले.

ते सगळं माझ्या मोबाईलमध्ये आहे. "टाकलं का, पाव्हणं?" असं ते अधूनमधून विचारतात. मी म्हणतो, रेंज नाही. तोंडावर कोणतंही चित्र लावलं तरी ते त्यात डोलताना दिसणार, आणि आतलं कोण बघतंय? दुकानात गिऱ्हाईक नसलं की मीच लावून ऐकतो. परवा एक म्हातारे गृहस्थ आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आले होते. कागद हातात घेऊनही तसेच उभे राहिले.

"कोण वाजवतंय हो?"

"आमचे साडू," मी म्हणालो. आणि पुढचं वाक्य तोंडाशी आलेलं, ते गिळलं.