उजवा पाय

कसबा बावड्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आबांचा दवाखाना होता. आबा म्हणजे माझे वडील. त्यांच्याकडे डॉक्टरकीची पदवी नव्हती. कोल्हापुरातल्या एका जुन्या डॉक्टरांकडे त्यांनी ऐन उमेदीची वर्षं कंपाउंडर म्हणून काढली आणि ते डॉक्टर वारल्यावर बावड्यात येऊन पाटी न लावताच बसले. पाटीची गरजही पडली नाही. ऊसवाले, कारखान्यातले कामगार, म्हशीवाले, सगळे त्यांना डॉक्टरच म्हणायचे. त्या काळात तसं खपून जायचं.

आबांची सगळी ख्याती सुईवर होती. गोळ्या काय, किराणा दुकानदारही देतो. सुई टोचतो तो डॉक्टर, असा आमच्याकडचा रोखठोक न्याय. नुसत्या गोळ्या हातावर ठेवल्या की माणूस उंबऱ्यातच घुटमळायचा, 'सुई न्हाय व्हय?' म्हणायचा आणि तोंड पाडून जायचा. आबा कुणाला असं तोंड पाडून जाऊ देत नसत. सकाळी चहाच्या आधी स्टोव्हवर सुयांचं पातेलं चढायचं. काचेची सिरिंज, सुया, चिमटा, सगळं खळखळून उकळायचं. सुई बोथट झाली की ते बारीक दगडावर तिला धार लावत, अंगठ्याच्या नखावर घासून बघत आणि मगच परत उकळत. 'पोरगं रडायला तोंड उघडतंय तवर सुई भाईर,' असं बायका कौतुकानं सांगायच्या. मला त्या हाताचा केवढा अभिमान होता! मी मेडिकलला लागलो तेव्हा आबांनी गल्लीभर पेढे वाटले आणि आता या घरात खराखुरा डॉक्टर होणार, असं सगळ्यांना सांगितलं. 'खराखुरा' हा शब्द त्यांनी हसत वापरला होता.

कॉलेज शेजारच्या जिल्ह्यात होतं. रोग होऊच नयेत म्हणून काय करावं, असा एक विषय आम्हाला होता. आम्ही पोरं त्याला गटारांचा विषय म्हणायचो आणि तासाला मागं बसून डुलक्या काढायचो. शिकवणारे सर काटकुळे आणि जिभेला तिखट. त्यांनी एकदा सांगितलं की लहान मुलाच्या साध्या वाटणाऱ्या तापात कधी कधी पोलिओ लपलेला असतो. अशा वेळी सुई टोचली, तर ज्या बाजूच्या कुल्ल्यात टोचली नेमका त्याच बाजूचा पाय लुळा पडण्याची भीती वाढते. परीक्षेला येईल म्हणून मी त्या वाक्याखाली रेघ ओढली. वाक्य ऐकताना आबा डोळ्यांपुढं यायला हवे होते, पण आले नाहीत. पुस्तकातला रोग पुस्तकातल्या माणसांना होतो, अशीच माझी समजूत होती.

दिवाळीच्या सुट्टीत सरांनी प्रत्येकाला आपापल्या गावात काम लावून दिलं. चार गल्ल्या घ्यायच्या, घरोघर जायचं, लंगडणारी मुलं शोधायची. पाय कधी गेला, कुठला गेला, त्याआधी काय झालं होतं, हे विचारायचं. परक्या गावात लोक दारात उभं करणार नाहीत, म्हणून आपलं गाव. मला तर काय, बावड्यात कुठल्याही घरात थेट चुलीपर्यंत वाट होती.

पहिलंच घर एका म्हशीवाल्याचं. त्याची बायको मला बघून लगबगीनं उठली.

"या की डॉक्टर, बसा. आता तुमीबी डॉक्टरच की!"

तिचा मुलगा भिंतीला धरून उभा होता. एक पाय काठीसारखा वाळलेला. मी विचारलं तसं ती सांगू लागली. "तापानं निस्ता फणफणला हुता बघा. तुमच्या आबांनी सुई दिली. ताप उतरला. मग दोन दिसांनी बघतोय तर पायावरनं वारं गेल्यालं."

"कुठला पाय?"

"ह्यो उजवा. पर आबा हुतं म्हणून पोरगं हाताला लागलं. पाय गेला तर गेला, जीव तर ऱ्हायला न्हवं?"

तिनं मला चहा दिला. आल्याचा, दूध घातलेला घट्ट चहा. मी तो प्यायलो, कारण नाही म्हणायला कारण सापडेना.

पुढच्या घरी उजवा पाय. त्याच्या पुढच्या घरी उजवा. गल्लीच्या टोकाला फळं विकणाऱ्या एका मुसलमानाचं घर होतं. तिथली मुलगी उजव्या गुडघ्यावर हात दाबून चालत आली आणि तिच्या बापानं आबांची तब्येत विचारली. कुठला पाय, हे विचारायचं मी सोडूनच दिलं. ताप आला होता, आबांनी सुई दिली होती, आबांमुळं वाचलं. सगळीकडं हीच कहाणी, आणि वर माझ्या हातात चहाची बशी.

घरी आलो आणि दवाखान्यातलं स्टूल बघत उभा राहिलो. खोली अरुंद. स्टूल भिंतीला लागून. आई पोराला छातीशी घेऊन बसायची, तिच्या उजव्या खांद्याला भिंत यायची. मोकळी राहायची ती दुसरी बाजू, आणि त्या बाजूला पोराचा उजवा कुल्ला. आबा वर्षानुवर्षं तिथंच उभे राहून टोचत आले होते. सुई स्वच्छ, हात हलका, औषध बाजारातलं चांगलं. तरीही गल्लीतले पाय गेले होते. त्या रात्री मी आबांकडं पाठ करून जेवायला बसलो. जेवताना आई विचारत राहिली, पोटात दुखतंय का म्हणून.

सुट्टी संपल्यावर वर्गात एकेकानं उभं राहून वाचायचं होतं. बाकीच्यांकडे डावे-उजवे पाय मिसळलेले. माझी पाळी आली आणि सरांनी मला मध्येच थांबवलं.

"तुझ्या गावात सगळे उजवेच पाय कसे रे?"

"एकाच दवाखान्यात सुई दिलेली मुलं आहेत सर. तिथलं स्टूल भिंतीला लागून आहे."

सर खूश झाले. आमच्यापैकी कुणीतरी डोळे उघडे ठेवून फिरलं, असं म्हणाले. मागून एकजण ओरडला, "असल्या भोंदूला आधी तुरुंगात टाका!" आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझे कान तापले. मला बापाची लाज वाटली. मग तशी ती वाटली म्हणून स्वतःची वाटली. मी उभा होतो त्या वर्गाची फी त्याच सुईनं भरली होती, त्याचीही वाटली. लाज एकदा शिरली की घरभर फिरते, कुठलीच खोली सोडत नाही.

सर म्हणाले, "निरीक्षण चांगलं आहे. पण आधी त्या माणसाला जाऊन सांग. अजून टोचत असेल तो."

रविवारी दुपारी मी घरी पोचलो तेव्हा आबा दगडावर सुई घासत बसले होते. मी सांगायला सुरुवात केली आणि तोंडातून सगळी पुस्तकी भाषा येऊ लागली. विषाणू, मज्जारज्जू, काय नि काय. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सगळी उजवीच?"

"हो."

त्यांनी वळून स्टुलाकडं बघितलं.

"सुई दिली नसती तर ते पाय ऱ्हायलं असतं?"

"काहींचे राहिले असते. काहींचे तरीही गेले असते."

"कुणाचं ऱ्हायलं असतं?"

"ते सांगता येत नाही, आबा."

"येकाचं तरी नाव सांग की. एवढं शिकतोयास न्हवं?"

मी नकाराची मान हलवली.

"म्हंजी सगळीच माझी," ते म्हणाले. खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली आणि बाहेर पडले. कुठल्या कुठल्या घरी पोरं लंगडतात, हे मी सांगायची गरज नव्हती.

दिवेलागणीला परत आले. टोपी काढली, पाय धुतले, पण आत न येता ओसरीवरच टेकले. मी जवळ जाऊन बसलो.

"काय म्हणाले लोक?"

"चहा दिला." पायाचं पाणी पंच्यानं टिपत म्हणाले, "समद्यांच्या दारात सांगितलं, माझ्या सुईनं झालं आसंल म्हणून. म्हणत्यात, डॉक्टर, आमच्या नशिबाला तुमी काय करणार? एकानंबी शिवी दिली न्हाय रं. एकानं तरी द्यायची."

त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

सोमवारी सकाळी मी परत निघायच्या तयारीत होतो. सवयीनं आबांनी स्टोव्ह पेटवून पातेलं ठेवलं होतं. इतक्यात ती म्हशीवाल्याची बायको आली. कडेवर धाकटी मुलगी, तापानं लाल झालेली. ती सरळ स्टुलावर बसली, पोरीला छातीशी धरलं आणि एका हातानं तिचा फ्रॉक वर केला.

"काल तुझ्या दारात येऊन काय सांगितलं मी?" आबा म्हणाले.

"सांगितलासा की. पर पोरीला ताप हाय न्हवं."

"सुई न्हाय. ह्यो बघंल तिला."

मी मुलीला तपासलं. घसा लाल होता. औषध दिलं, ओल्या फडक्यानं अंग पुसायला सांगितलं, हातपाय हलवते का यावर लक्ष ठेव म्हणालो. ती सगळ्याला हूं हूं करत होती, पण उठेना. माझ्यावरून तिची नजर पलीकडं आबांवर होती. आबांनी पाठ फिरवून स्टोव्ह बंद केला.

"डॉक्टर," ती म्हणाली, "काल आमी काय वंगाळ बोललो का तुमास्नी? आमचं काय चुकलं आसंल तर सांगा, पर पोरीवर राग धरू नगा."

विझलेल्या स्टोव्हच्या चावीशी आबा उगाच खटपट करत राहिले, आणि ती पोरीची उजवी बाजू त्यांच्याकडं करून तशीच बसून राहिली.